तुडुमाला दिलेलं लुगडं

आमच्या गावचं तळं एका रात्रीत रिकामं झालं आणि त्याचा आळ एका माणसावर आला. त्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. दोष माझा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. आता सांगते, कारण ऐकून काही म्हणतील अशी माणसं राहिली नाहीत, आणि मलाही हे मनात वागवून वागवून कंटाळा आला आहे.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. पोंभुर्ण्याच्या अलीकडे जंगलात आमचं गाव, पन्नास-साठ घरांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मालगुजारी नुकतीच गेली होती आणि तळं सरकारचं झालं होतं. सरकारचं झालं म्हणजे काय झालं, ते मात्र कोणालाच नीट कळलं नव्हतं. पूर्वी मालगुजार म्हणेल तेव्हा पाणी सुटायचं, तो म्हणेल तेव्हा बंद व्हायचं. तो काही देवमाणूस नव्हता. त्याला त्याचे शिंगाडे जपायचे होते आणि त्याची घोडी त्याच पाण्यावर यायची. पण निदान भांडायचं तर कोणाशी, हे माहीत होतं. आता चांद्याहून एक कारकून आला, तळ्याच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, फेरी मारली, कोंबडी खाल्ली आणि तक्रार असेल तर अर्ज करा म्हणून निघून गेला.

गाव पाळीच्या खाली. पाळीला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, ती उतरत उतरत पार नाल्यापर्यंत. आमच्या चार बांध्या सगळ्यांत शेवटी. गावात विहिरी दोन, आणि दोन्ही तळ्याच्या जिवावर. तळं उतरलं की विहीर उतरली. गुरं तळ्यावर. ढिवरांची सात-आठ घरं, त्यांचं पोट तळ्यातल्या माशांवर. तळं एकच, आणि ज्याला त्याला ते आपल्यासाठीच खोदलंय असं वाटायचं. चांगल्या पावसाच्या वर्षी हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

तळ्यातून पाणी सोडायची जी दगडी मोरी असते तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. आमच्या तुडुमाला एकाखाली एक अशी तीन भोकं होती. प्रत्येक भोकात एक लाकडी खुंटा. खुंट्याला कापड गुंडाळायचं, वरून चिकणमाती थापायची आणि तो ठोकून बसवायचा. त्याला बोळा म्हणत. वरची दोन भोकं धानासाठी. तिसऱ्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधलं पाणी विहिरींचं, गुरांचं आणि माशांचं. ते पार जेठापर्यंत पुरवायचं.

बोळा काढायला आणि बसवायला पाण्यात बुडी मारावी लागे. हे काम ढिवरांच्या एका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्या वेळी ते करणारा माणूस चाळिशीचा असेल. रुंद छातीचा, कमी बोलणारा. मी त्याला भाऊ म्हणायची. पीक निघालं की प्रत्येक घर त्याला टोपली भरून धान देई. मासे तर सगळेच ढिवर मारत, पण हा धानाचा वाटा त्याचा एकट्याचा, आणि त्याच्यावर त्याचं सात माणसांचं घर चालायचं. मला तेव्हाही नवल वाटायचं. ज्याचे मासे त्या पाण्यात, त्याच्याच हाताने गाव पाणी सोडवून घेत होतं. आणि त्याने कधी बोटभर पाणी कमी सोडलं असं कोणी म्हटलं नव्हतं.

बोळ्याचं कापड दर वर्षी एकेका घरातून यायचं, ज्याचा नंबर असेल त्याच्या. आणि ते बाईने नेसलेलं लुगडंच लागे, कोरं चालत नसे. नेसून, धुऊन मऊ झालेलं जाड कापड पाण्यात फुगतं आणि भोकात गच्च बसतं, हे त्यातलं खरं. म्हाताऱ्या सांगत, तळं बाई आहे, तिला बाईचंच कापड पाहिजे. काही का असेना. घरची बाई पाळीवर जाऊन घडी त्याच्या हातात देई आणि तो ती कपाळाला लावून घेई. दिलेली घडी तिथं उघडून पाहायची नाही, परत करायची नाही. तसं करणं म्हणजे त्या घराची चारचौघांत लाज काढणं.

त्या वर्षी पोळ्यापर्यंत पाऊस बरा झाला आणि मग गेला तो गेलाच. उत्तरा कोरडी, हस्त कोरडा. धान निसवायची वेळ, लोंबी बाहेर पडायची वेळ, आणि बांध्यांना भेगा. वरची दोन भोकं उघडून झाली होती. वरच्या बांध्यांनी पाणी पिऊन घेतलं, आमच्यापर्यंत काही आलं नाही. मला सहावा महिना लागला होता. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रोज संध्याकाळी बांधावर बसून धानाकडे पाहायची सवय लागली होती. घरी येऊन जेवत, पण बोलत नसत.

दसऱ्याच्या आधी मारुतीच्या देवळापुढे बैठक झाली. सगळ्यांत मोठा आवाज यांचाच.

"तिसरं खोला," हे म्हणाले. "दोन दिवस. धानच गेलं तं विहिरीच्या पान्यात काय गोटे शिजवाचे?"

ढिवरभाऊ खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "तिसरं माह्या बापानं बी खोललं नाई. खोलाले येईन. पन बसवतानी खाली दाब लय राह्यते, कापड चांगलं पाह्यजे. अन्‌ उनाळ्यात मंग रडू नोका."

"तुले तुहे मासे दिसून राह्यले," मागून कोणी तरी बोललं.

ठरलं. आम्ही बाया मागे पदर ओढून उभ्या होत्या. उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं, हे कोणी आम्हाला विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मला धानही पाहिजे होतं आणि विहीरही पाहिजे होती. शेवटच्या बांध्या आमच्याच होत्या.

घरी येऊन हे म्हणाले, "यंदा आपला नंबर हाये. लुगडं काहाडून ठेव."

माझ्याकडे अंगावरचं सोडून दोन लुगडी होती. एक माहेरचं, जाडसर, दोन वर्षं नेसून मऊ झालेलं. बोळ्याला अगदी तसलंच लागतं. पण ते मी पोटातल्या बाळासाठी बाजूला ठेवलं होतं, झोळीला आणि दुपट्यांना. दुसरं सासूचं. सासू माझ्या लग्नाआधीच वारली होती. तिचं हिरव्या काठाचं लुगडं चुलीवरच्या माळ्यावर कित्येक वर्षं धूर खात पडलं होतं. ते मी खाली काढलं आणि धुवायला नेलं. धुताना माझं नख त्यातून आरपार गेलं. मी थांबले. थोडा वेळ त्या भोकाकडे पाहत बसले, हे मला पक्कं आठवतं. मग मनाशी म्हटलं, बोळ्यालाच तर द्यायचं, कोण नेसणार आहे? वाळल्यावर घडी अशी घातली की बरा राहिलेला पदर वरून यावा.

नवीन बाळाला नवं काही मिळत नव्हतं, निदान धडकं तरी असावं, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी पाळीवर त्याच्या हातात घडी दिली. त्याने ती कपाळाला लावली. त्याचा अंगठा घडीवर जरा रेंगाळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि म्हणाला, "ठीक हाये बाई." मी लगेच परत फिरले.

तिसरं भोक उघडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आमच्या बांध्यांत शिरलं. हे पाण्यात उभे राहून हसत होते. इतकं हसताना मी यांना नंतर पाहिलं नाही. दोन दिवस झाल्यावर ढिवरभाऊ बोळा बसवायला उतरला. वर यायचा, दम घ्यायचा, लाकडी मोगरी घेऊन पुन्हा बुडी मारायचा. पंधरा-वीस वेळा तरी गेला असेल. डोळे लाल करून बाहेर आला आणि म्हणाला, "बसला. पन मी आठ दिवस रोज पाहाले येत जाईन." आणि तो येत होता. तिसऱ्या दिवशी मोरीतून थोडं थोडं पाणी झिरपलेलं दिसलं, तर पुन्हा उतरून माती लावून आला.

पाचव्या दिवशी सकाळी मी विहिरीवर निघाले तर पाट दुथडी वाहत होता. कोणी सोडलं म्हणून बाया एकमेकींना विचारत होत्या. तेवढ्यात पाळीकडून ओरडा ऐकू आला. रात्रीतून बोळा सुटला होता. तळं अर्ध्यावर आलं होतं आणि सगळं पाणी बांध्या ओलांडून नाल्यात चाललं होतं. धानाला आता त्याचा काही उपयोग नव्हता.

मी पोचले तेव्हा ढिवरभाऊ कमरेला दोर बांधून पाण्यात होता. दोर चार जणांनी धरला होता, कारण भोक माणसालाही ओढून घेत होतं. लोकांनी दगड टाकले, मातीच्या टोपल्या टाकल्या, एका घराच्या छपराचं गवत आणून टाकलं. सगळं आत जायचं आणि पलीकडून निघायचं. दुपारी कुठे ते बुजलं. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाला होता. आणि तळ्यात पाणी राहिलं होतं गुडघाभर.

मग मासे. गुडघाभर पाण्यात एवढे मासे, कोण सोडतो? ढिवरच नाही, सगळं गाव टोपल्या, गोधड्या घेऊन आत उतरलं. आमच्या घरीही त्या दिवशी मासे शिजले. मी शिजवले आणि खाल्लेसुद्धा.

संध्याकाळी मी पाटाच्या कडेने आमच्या बांध्यांकडे गेले. गवताला चिंध्या अडकल्या होत्या. हिरव्या काठाचे तुकडे, बोटभर, वीतभर. मी एकेक वेचला आणि बांधीच्या चिखलात टाचेने खोल दाबला. कोणी पाहिलं नाही.

देवळापुढे पुन्हा बैठक. या वेळी त्याला मधे उभा केला होता.

"माशासाठी सोडलं यानं," असं एकाने म्हटलं, आणि एकदा म्हटल्यावर ते सगळ्यांना खरंच वाटलं. तिसरं उघडायला तोच तर तयार नव्हता, हे कोणाला आठवलं नाही.

"मासे तं तुमच्याच घरी गेले," तो म्हणाला.

"ढिवराच्या हाती पानी देल्लं तं असंच होईन," हे माझे यजमान बोलले.

कापड कसलं होतं, हे कोणी विचारलंच नाही. त्याला विचारलं तर तो सांगेल, याचीच मला भीती होती. तो एवढंच म्हणाला, "बोळा म्या बसवला होता. सुटला. आनखी काय सांगू?" मला सुटल्यासारखं वाटलं. आधी सुटल्यासारखं वाटलं, लाज नंतर वाटली.

त्याचा धानाचा वाटा बंद झाला. कापणीनंतर त्याची बायको टोपली घेऊन घरोघर फिरली. आमच्या अंगणात आली तेव्हा हे म्हणाले, "यंदा नाई." ती जरा वेळ उभी राहिली. मी चुलीपाशी होते, बाहेर आले नाही. मनाशी म्हणत होते, बाळंत झाले की सांगून टाकू. अवघडलेल्या बाईला कोणी काही करत नाही, हे काय मला कळत नव्हतं? पण माणूस दिवस ढकलायला काही तरी शोधतोच.

पौषात मुलगी झाली. शिवरात्रीला विहिरीत गढूळ पाणी यायला लागलं, होळीला तेही संपलं. गुरं नदीकडे हाकलली, काही विकली. आम्ही बाया रोज दीड कोस चालून अंधारी नदीच्या पात्रात जाऊ लागलो. नदीतही वाहतं पाणी नव्हतं. वाळूत खड्डा करायचा, त्यात झिरपेल तेवढं करवंटीने घागरीत भरायचं. असा खड्डा म्हणजे झिरा. कुठे खणलं तर पाणी लागेल हे गावात एकालाच कळत होतं. झिरा त्यानेच खणला. ज्या घरांनी त्याचा वाटा बंद केला, त्या सगळ्या घरांच्या बाया त्याच्याच झिऱ्यावर नंबर लावून बसत. त्याने एकीलाही नाही म्हटलं नाही. उलट झिऱ्यात उतरून बसायचा, घागर भरून द्यायचा, डोक्यावर चढवून द्यायचा. वाळू अशी तापायची की बाया पाय आलटून पालटून उभ्या राहत. एका घागरीला एवढा वेळ लागायचा की वैताग येऊन भांडणं व्हायची, आणि मग भांडायचाही कंटाळा येऊन सगळ्या गप्प बसायच्या.

चैत्रात एक दिवस मी मुलीला शेजारणीकडे ठेवून लवकर गेले. झिऱ्यावर तो एकटाच होता. बाकीच्या बाया अजून मागे, वाळूतून येताना दिसत होत्या. त्याने माझी घागर घेतली आणि भरायला लागला. वर न पाहता म्हणाला, "थो कपडा कुजका होता बाई. हातात घेतला तवाच मले समजलं."

मी मागे वळून बाया किती लांब आहेत ते पाहिलं.

"म्हटलं, घरात दुसरं नसन. बाई पोटुशी, परत करून लाज काऊन काहाडाची? म्हटलं, माती जास्ती लावू, भागून जाईन." त्याने करवंटी ओतली. "नाई भागलं."

एवढं सगळं अंगावर घेऊन हा माणूस माझी गरिबी झाकत होता. ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "दुसरं होतं, भाऊ. मी ठेवून घेतलं होतं."

त्याचा हात थांबला. झिऱ्यात पाणी साचायला वेळ लागतो, पण तो त्यासाठी थांबला नव्हता. घागर बाजूला ठेवून म्हणाला, "मंग एवढं करा. अक्षय तृतीयेले देवळापाशी गाव बसन, वर्षाची कामं वाटन. तवा हे सांगा. भरपाई नोको मले. लोक मले चोर म्हनून राह्यले, माह्या पोराईले म्हनून राह्यले."

"सांगते," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

त्याने घागर माझ्या डोक्यावर चढवून दिली.

पुढे तो बायकापोरं घेऊन सिरोंच्याकडे गेला, गोदावरीवर, आणि परत आला नाही. पण ते नंतरचं. अक्षय तृतीयेला काय झालं तेवढं सांगते.

गाव बसलं होतं. मी मुलीला कडेवर घेऊन बायांमध्ये उभी होते. आदल्या दिवसापासून शब्द जुळवून ठेवले होते, चारच वाक्यं होती. गुराख्याचं काम ठरलं, कोतवालाचं झालं. मग तुडुमाचं निघालं. दुसऱ्या एकाला द्यायचं म्हणून आधीच कुजबूज होती. ढिवरभाऊ कडेला उकिडवा बसला होता, हातावर अजून डाग. यांनीच उभं राहून विचारलं, "कोनाले काई सांगाचं हाये का?"

तो वळला आणि सरळ माझ्याकडे पाहायला लागला. माझ्या आजूबाजूला त्याच बाया होत्या, ज्या दोन महिने माझ्यापायी दीड कोस पाणी वाहत होत्या. समोर हे उभे. तो पाहतच होता. त्याने नजर काढली नाही, कारण त्याला वाटत होतं की मी आता बोलेन.

मुलगी माझ्या खांद्यावर शांत झोपली होती. मी पदराखालून तिच्या मांडीला चिमटा काढला. ती कळवळून रडायला लागली, आणि तिला गप्प करायचं म्हणून मी तिथून निघून घरी आले.